डॅक घेण्याआधी

घरात जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, लाकडी खोक्याचे दोन स्पीकर आहेत, आणि गाणी मात्र सगळी फोनमध्ये. भिगवणसारख्या गावात अनेक घरांत आज हेच चित्र आहे. कॅसेट डेक केव्हाच माळ्यावर गेला, सीडी प्लेअर तबकडी वाचेनासा झाला, आणि २०१६ साली आयफोन ७ आल्यापासून एकेका फोनमधून हेडफोनचं भोकही नाहीसं होत गेलं. वडिलांनी हौसेनं घेतलेली यंत्रणा धडधाकट आहे, पण तिच्यापर्यंत गाणं पोचवणारा मधला दुवा तेवढा गळाला आहे. तो दुवा म्हणजे डॅक, म्हणजेच साठवलेल्या आकड्यांचा पुन्हा विजेचा तरंग करून देणारा डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर.

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर. ध्वनीच्या सामानासाठी एकेकाळी सकाळची गाडी धरून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठावी लागे. तिथे दोन वस्तू शेजारी लावून ऐकता यायच्या, घासाघीस व्हायची, आणि काही बिघडलं तर त्याच दुकानात परत जाता यायचं. आता तोच माल कुरियरनं दारात येतो. ऐकून बघायची सोय गेली आणि खोक्यावरचे आकडे उरले: ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ, डीएसडी ५१२. आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला, असं समजून माणूस पैसे मोजतो.

घरगुती यंत्रणेतल्या सगळ्या भागांपैकी डॅक हा असा भाग आहे, ज्याचं कोडं अभियंत्यांनी जवळजवळ पूर्ण सोडवलं आहे. माफक किमतीत आज जो कन्व्हर्टर मिळतो, तो वीस वर्षांपूर्वीच्या लाखमोलाच्या यंत्राच्या बरोबरीनं मापात उतरतो. तेव्हा त्याच्यावर किती खर्च करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे ठरवण्यासाठी त्याच्या पोटात काय चालतं ते आधी कळायला हवं.

१९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांनी सीडी बाजारात आणली. पिंपरीत ज्या फिलिप्सचा कारखाना होता, तीच ही कंपनी. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा तरंगाची उंची मोजून लिहिलेली असते. हा विचित्र वाटणारा आकडा व्हिडिओ टेपमधून आला. सुरुवातीचं डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओच्या फितीवर साठवलं जाई. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड, प्रत्येक फील्डमध्ये वापरता येतील अशा २९४ रेषा आणि प्रत्येक रेषेत ३ नमुने. गुणाकार ४४,१००. अमेरिकी पद्धतीत ६० गुणिले २४५ गुणिले ३, उत्तर तेच. दोन्हीकडे चालेल असा आकडा म्हणून तो निवडला गेला. माणसाचा कान तरुणपणीही साधारण २०,००० हर्ट्झच्या वर ऐकत नाही, आणि नमुने त्याच्या दुपटीहून जास्त घेतले तर मूळ तरंग पूर्ण उभा करता येतो. १९२८ मध्ये हॅरी नायक्विस्टनं आणि १९४९ मध्ये क्लॉड शॅननं मांडलेल्या गणितावर हे सगळं उभं आहे. नमुन्यांच्या मधल्या जागेत संगीत ‘सांडतं’ आणि म्हणून डिजिटल आवाज तुटक असतो, ही समजूत अजून ऐकू येते. ती चुकीची आहे. डॅकमधून बाहेर पडणारा तरंग पायऱ्यापायऱ्यांचा नसतो. गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून, गेल्यावर तो सलगच असतो.

दुसरा आकडा बिटांचा. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. बहुतेक डॅक मागच्या आरसीए सॉकेटमधून जास्तीत जास्त २ व्होल्ट देतात. शिखरापासून तळापर्यंत मोजलं तर ते साडेपाच व्होल्टच्या थोडं वर जातं, आणि त्याला ६५,५३६ नं भागलं की एक पायरी येते सुमारे ८६ मायक्रोव्होल्टची. इतक्या बारीक पायरीवरही यंत्रानं डळमळू नये, ही अपेक्षा. १९८२ मध्ये ती पेलणं इतकं अवघड होतं की फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटांचीच चिप होती. चौपट वेगानं नमुने वाढवून, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग करून, त्यांनी उरलेली कसर भरून काढली. त्या युक्तीच्या पुढच्या पिढ्या आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहेत.

आजच्या बहुतेक चिपा डेल्टा-सिग्मा पद्धतीच्या. ईएसएस, सिरस लॉजिक आणि जपानची असाही कासेई ही त्यातली मोठी नावं. दुसरी पद्धत आर-टू-आर, म्हणजे रोधकांची शिडी. या शिडीतला सर्वांत वजनदार रोधक टक्क्याच्या काही हजाराव्या भागाइतका अचूक असावा लागतो, म्हणून ती महाग पडते. शिडीवाल्या काही डॅकमध्ये ओव्हरसॅम्पलिंग मुद्दाम टाळलेलं असतं. तिथे २०,००० हर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबलनं खाली येतो, आणि ज्याला लोक ‘मऊ’, ‘अ‍ॅनालॉगसारखा’ म्हणतात तो गोडवा बराचसा या उताराचा असतो. कुणाला तो आवडला तर जरूर घ्यावा. फक्त तो मूळ ध्वनिमुद्रणात नाही हे ध्यानात असू द्यावं.

चिपेच्या नावाला किती महत्त्व द्यायचं? २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमध्ये नोबेओका इथल्या असाही कासेईच्या कारखान्याला आग लागली आणि त्यांच्या डॅक चिपांचा पुरवठा खुंटला. जगभरच्या कंपन्यांना आपली मॉडेलं दुसऱ्या चिपांवर नव्यानं बेतावी लागली. चांगल्या अभियंत्यांनी चिप बदलूनही माप तेवढंच राखलं. चिपेभोवतीचा वीजपुरवठा, बाहेर पडतानाचं सर्किट आणि घड्याळाची स्थिरता चिपेच्या नावापेक्षा जास्त बोलते, हे त्या वर्षात उघड दिसलं.

मग जास्त बिट, जास्त किलोहर्ट्झ यांचा फरक कानाला कळतो का? २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण थेट ऐकवायचं आणि तेच १६ बिट-४४.१ च्या कन्व्हर्टरमधून फिरवून ऐकवायचं. कोणतं कोणतं हे ऐकणाऱ्याला सांगायचं नाही. साध्या ऐकण्याच्या पातळीवर लोकांना फरक सांगता आला नाही. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रिस यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. अचूक उत्तरं निघाली ५२.३ टक्के. नाणं उडवूनही ५० टक्के मिळतात. फरक आहे, प्रशिक्षित कानांना तो थोडा जास्त कळतो, पण तो इतका बारीक आहे की त्यासाठी घरखर्चातून मोठी रक्कम काढावी असं म्हणता येत नाही.

दोन डॅकची तुलना करताना बहुतेकांची फसगत आवाजाच्या पातळीमुळे होते. फोनला लावायचं अ‍ॅपलचं इवलंसं अडॅप्टर सुमारे १ व्होल्ट देतं, टेबलावरचा डॅक २ व्होल्ट. म्हणजे ६ डेसिबल. मोठा आवाज कानाला नेहमीच भरदार आणि स्पष्ट वाटतो, आणि श्रेय जातं महागड्या खोक्याला. दोन्हींची पातळी आधी नीट जुळवायची, दुसऱ्या कुणाला तरी तार बदलायला लावायची आणि आपण पाठ करून बसायचं. घरातल्या घरात होणारी ही परीक्षा विकत घेण्याआधी आणि परत पाठवण्याची मुदत संपण्याआधी प्रत्येकानं करावी.

आता भिगवणच्या खोलीत येऊ. स्लॅबचं घर, खाली फरशी, भिंती मोकळ्या, वर पंखा. उन्हाळ्यात पंखा बंद करून गाणं ऐकण्याची सोय नाही, आणि पंख्याचा आवाज ४० डेसिबलच्या पुढे सहज जातो. गाण्याचं शिखर ९० डेसिबलवर ठेवलं तर हाती उरतात जेमतेम ५० डेसिबल. सोळा बिटांत ९६ डेसिबलची जागा असते. म्हणजे सीडीचा दर्जाच या खोलीला पुरून उरतो आणि चोवीस बिटांचे १४४ डेसिबल कागदावरच राहतात.

खोलीची लांबी बारा फूट असेल तर सुमारे ४७ हर्ट्झला आवाज भिंतींमध्ये कोंडतो, दहा फूट असेल तर ५६ हर्ट्झला. डग्ग्याचा घुमारा एका कोपऱ्यात बसून ऐकला तर फुगलेला वाटतो आणि मधोमध बसलं तर गायब होतो. त्याच खोलीत टाळी वाजवली की फरशी आणि भिंती ती परत फेकतात. कोणताही डॅक यातलं काही सुधारत नाही. जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, भिंतीशी पुस्तकांचं कपाट, आणि स्पीकर कोपऱ्यातून हात-दीड हात पुढे ओढणं, एवढ्यानं जो फरक पडतो तो आंधळ्या चाचणीतही लगेच ओळखू येतो. स्पीकरचीही तीच गोष्ट. चांगल्या डॅकची विकृती ०.००१ टक्क्याच्या आत असते. खर्जात जोर लावला की साधारण स्पीकर एक टक्क्यापर्यंत जातो. हजारपटीची तफावत. पैसे कुठे लावायचे ते यावरून ठरवावं.

वीज हा मात्र गावातला खरा प्रश्न. डॅक जोडला, लॅपटॉप चार्जरवर लावला, आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा बारीक आवाज सुरू झाला, ही तक्रार नेहमीची. असं झालं की चार्जर काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबला तर दोष डॅकचा नाही. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडले गेले आणि त्या वाटांमध्ये वीज फिरते आहे. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. सगळं सामान एकाच बोर्डवर घेतलं तर बऱ्याचदा भागतं. नाही भागलं तर यूएसबीऐवजी ऑप्टिकल तार वापरावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे दोन यंत्रांचा विजेचा संबंधच तुटतो. तोशिबानं १९८३ मध्ये आणलेली ही तार आजही या कामात सर्वांत स्वस्त औषध आहे. तीन पिनांच्या प्लगची मधली पिन काढून टाकण्याचा जुना उपाय मात्र कुणी करू नये; त्यात जिवाला धोका आहे.

त्याआधी घराचं अर्थिंग तपासावं. जमिनीतला ओलावा उतरला की अर्थिंगचा रोध चढतो, आणि या इंदापूर भागातल्या उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळेपर्यंत वाळते. कोळसा-मीठ घालून केलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओतायचं असतं, हे घर बांधताना वायरमन सांगतो आणि पुढे सगळे विसरतात. वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की डॅक, अ‍ॅम्प आणि टीव्ही यांचे प्लग बोर्डातून काढून ठेवावेत. केबलची आणि इंटरनेटची तारही काढावी, कारण विजेचा झटका त्या वाटेनंही येतो.

निवड करताना मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा महत्त्वाची. टीव्हीचा आवाज या यंत्रणेतून हवा असेल तर ऑप्टिकल सॉकेट पाहिजेच, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर ठेवावा लागतो. तो डॉल्बीवर राहिला तर साध्या डॅकमधून काहीच येत नाही किंवा नुसता खरखराट येतो, आणि चांगली वस्तू बिघडलेली समजून परत जाते. फोन वापरायचा असेल तर यूएसबी. अँड्रॉइड फोन बहुधा सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून बाहेर काढतो. काही अ‍ॅप ही वाट टाळतात, आणि अँड्रॉइड १४ पासून आकडे जसेच्या तसे डॅकला देण्याची सोय आली आहे. ब्लूटूथची सोय पाहुण्यांसाठी बरी, पण त्यात आवाज दाबून पाठवला जातो. एलडॅकसारखा कोडेकही ९९० किलोबिटांच्या पुढे जात नाही, आणि सीडीला लागतात १४११. अ‍ॅम्पला रिमोट नसेल तर रिमोटवरून आवाज कमी-जास्त करण्याची सोय असलेला डॅक घ्यावा. वयस्कर माणसांच्या घरात ही एक सोय सगळ्या आकड्यांहून मोलाची ठरते.

एवढं झाल्यावर डॅक बदलायचा केव्हा? तक्रार नेमकी सांगता आली तर. घूं आवाज जात नाही, हवं ते सॉकेट नाही, व्होल्टेज कमी पडतं, जाडजूड हेडफोन चालत नाहीत, फोनशी जोडणी तुटते. ही बदलण्याची कारणं आहेत. ‘आवाजात अजून काहीतरी हवं’ हे कारण नव्हे. ते बहुतेक वेळा स्पीकरचं, खोलीचं किंवा मूळ ध्वनिमुद्रणाचं म्हणणं असतं. पुण्यात केडन्स या कंपनीनं इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले आणि ते परदेशातल्या जाणकारांनीही ऐकले. ज्याला खरोखर झेप घ्यायची आहे, त्यानं आपली रक्कम त्या दिशेनं साठवावी.

मूळ ध्वनिमुद्रण हा मुद्दा मराठी श्रोत्यासाठी सगळ्यात जवळचा. मिरजेत राहून किराणा घराणं फुलवणाऱ्या अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या, बालगंधर्वांची नाट्यपदं, केसरबाई केरकरांचा आवाज. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. १९२५ च्या आधी तर कर्ण्यात गाऊन ध्वनिमुद्रण होई, आणि त्यात साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झपर्यंतचाच भाग उतरे. तबकडीत जे उतरलंच नाही ते कोणताही डॅक देऊ शकत नाही. देता येतं ते, जे आहे ते न बिघडवता. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो आणि त्याची जवारी कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढते. स्वच्छ मुद्रण केलेला तंबोरा नुसता पाच मिनिटं ऐकला तर यंत्रणेचे बरेचसे गुणदोष समोर येतात. परीक्षेसाठी परदेशी नमुन्याच्या सीडी मागवण्याची गरज नाही.

आणि इथे डॅकच्या भावंडाकडे वळायला हवं. आवाजाचे आकडे करणारा कन्व्हर्टर म्हणजे एडीसी. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तबकड्या शोधून, जपून, त्यांतला आवाज नव्या माध्यमात आणला. आपल्या पुणे जिल्ह्यातलंही उदाहरण आहे. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि बर्नार्ड बेल यांनी १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहातून त्या ओव्या आज कुणालाही ऐकता येतात. गाणाऱ्या कित्येक बायका आता नाहीत, जातीही घरातून गेली. आवाज उरला तो त्या वेळी कुणीतरी नीट मुद्रण केलं म्हणून.

ऐकणाऱ्या बाजूचा कन्व्हर्टर कधीही बदलता येतो. मुद्रण करणाऱ्या बाजूला संधी एकदाच मिळते, आणि फीत दरवर्षी थोडी थोडी जाते. डॅकवर वाचलेले पैसे खर्चायचे असतील तर ते इथे.

घरातल्या जुन्या कॅसेटमधला आवाज उतरवून घेण्याची कृती अवघड नाही. चालू स्थितीतला कॅसेट डेक शोधावा, त्याचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसावं, पिंच रोलरवरचा काळा थर काढावा. आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा ॲझिमथचा छोटा स्क्रू अगदी हळू फिरवावा. टाळांची किणकिण उघडी झाली की थांबावं. लाइन-इन असलेला साधा यूएसबी इंटरफेस पुरतो. मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवून करावं. इथे चोवीस बिटांचा उपयोग खरा आहे, कारण पातळी खाली ठेवूनही तपशील हरवत नाही. फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावी, तिच्या नावात गाव, वर्ष आणि गाणाऱ्याचं नाव लिहावं आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची ती वेगळी, दाबलेली प्रत. मूळ फाइल ती नव्हे.

भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या पट्ट्यात ज्यांच्या घरी सप्ताहातल्या कीर्तनांच्या, भजनी मंडळांच्या किंवा उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावठाणातल्या माणसांच्या आवाजाच्या कॅसेट असतील, त्यांनी नवा डॅक मागवण्याआधी त्या बाहेर काढाव्यात. पावसाळ्याच्या दमटपणात फितीवर बुरशी धरते, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावं.